ती नाटकं नव्हती

मी एक जुनी घोडी आहे आणि मी रागावलेली आहे. म्हाताऱ्या जनावराने शांतपणे चारा खात उभं राहावं, असं लोकांना वाटतं. मित्रांनो, मला ते जमत नाही. का, ते सांगते.

आमचा तबेला लहान. घोड्यांचे मोजके खण, चाऱ्याची खोली, समोर वाळूचं रिंगण, मागे कुरण. तबेला बहीण-भावाचा. बहिणीला सगळे ताई म्हणतात. भाऊ तिच्याहून बराच लहान, म्हणून तो धाकटा. तो बाप्या झाला तरी धाकटाच राहिला.

मला ताईने घडवलं. माझी हाडं पक्की होईपर्यंत तिने मला खोगीर दाखवलंसुद्धा नाही. नुसतं दोरीने चालवलं, थांब म्हटलं की थांबायला शिकवलं. शेजारी हसायचे, "घोडीला शाळेत घातलीय की काय?" ती म्हणायची, "घातलीय. आणि परीक्षेची घाई नाही." रोज सकाळी ती माझ्या चारही पायांवरून खुरापर्यंत हात फिरवायची. कुठे गरम लागतंय का, कुठे सूज आहे का, ते बघायची. मगच माझा दिवस सुरू व्हायचा.

मी कितीतरी मुलांना बसायला शिकवलं. रडत चढलेली पोरं उतरायला तयार नसायची. अडथळ्यांच्या स्पर्धेत मी पहिली आले, तेव्हा धाकट्याने माझ्या गळ्यात पडून फोटो काढून घेतले.

मग ताईच्या लेकीचं बाळंतपण आलं. ताई तिच्याकडे निघाली. जाताना म्हणाली, "पाय बघत जा रे रोज."

"अगं हो! मी काय आज घोडे बघतोय?" धाकटा म्हणाला.

सुरुवातीला त्याने बघितले. मग तो दारातूनच नजर टाकू लागला. मग तेही राहिलं. रिंगणातली वाळू उकरायला हवी होती, ती कोणी उकरली नाही. जमीन दगडासारखी झाली आणि माझ्या पुढच्या पायामागची शीर दुखू लागली. मला बोलता येत नाही, पण जे जे येतं ते सगळं मी केलं. पाय टेकला की मान वर झटकली. वळताना अडले. खोगीर आणलं की कान मागे पाडले. याहून स्पष्ट कसं सांगतात?

"नाटकं करतेय," धाकटा म्हणाला. "ताईने लाडावून ठेवलीय."

स्पर्धा तोंडावर आली होती. त्याने माझ्या चाऱ्यात वेदना मारायची पूड कालवली. कडू लागली, तरी मी खाल्ली. पाय दुखेनासा झाला. मला वाटलं, बरी झाले! हाच तो दगा. दुखणं आम्हाला थांब म्हणून सांगत असतं. त्याने ते गप्प केलं आणि मला पळवलं. एका अडथळ्यावरून खाली येताना माझ्या पायात काहीतरी फाटलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाय चाचपला. "आधी लंगडत नव्हती?"

"छे! कालपर्यंत ठणठणीत होती," धाकटा माझ्यासमोर म्हणाला.

"आता हिच्यावर कोणी बसायचं नाही. कधीच."

फोनवर त्याने ताईला सांगितलं, "इकडे सगळं मजेत. तू बाळाकडे बघ."

माझी जागा रिकामी झाली आणि शिकायला मुलं येणारच होती. म्हणून त्याने कुरणात वाढणाऱ्या माझ्या शिंगरीला, माझ्या लेकीला, बाहेर काढलं. कोवळी पोर! पाठीवर खोगीर आवळून, लांब दोरीला बांधून, तो तिला त्याच टणक जमिनीवर गोल गोल पळवू लागला. मी खणातून पाहत होते. तिने मान वर झटकली. तो झटका मला चांगला ठाऊक होता.

मी दाराला छातीने धडका दिल्या. कडी निखळली. लंगडत रिंगणात गेले आणि दोरीच्या आड उभी राहिले.

"हट!" तो ओरडला. मी हटले नाही. त्याने चाबूक उगारला आणि मला मारला.

त्याची बायको अंगणात कपडे वाळत घालत होती. तिला घोड्यांची भीती. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने तबेल्यात पाऊल टाकलं नव्हतं. ती ओल्या हातांनी तशीच आली.

"चाबूक खाली ठेवा."

"तुला यातलं काय कळतं?"

"लंगडणं कळतं. दोघी लंगडतायत. ती दोरी द्या इकडे."

तिने त्याच्या हातातून दोरी काढून घेतली. माझी लेक फुरफुरली तेव्हा तिने डोळे गच्च मिटले, पण दोरी सोडली नाही. दुसऱ्या हाताने तिने फोन लावला. "ताई, इकडे काहीही मजेत नाही. निघा."

ताई आली ती थेट माझ्या लेकीच्या पायाशी बसली, मग माझ्या. माझ्या शिरेवर हात ठेवल्यावर ती बराच वेळ उठली नाही.

"मला वाटलं, नाटकं करतेय," धाकटा पुटपुटला.

"लहानपणी तू अंग दुखतंय म्हणायचास, तेव्हा मी कपाळाला हात लावून बघायचे. नाटकं करतोस म्हटलं का कधी?"



माझ्या लेकीला ताईने कुरणात मोकळं सोडलं, चांगली मोठी होईपर्यंत. तिचा पाय वाचला. माझा वाचला नाही. थंडीत शीर आखडते आणि उठताना मला भिंतीला अंग टेकावं लागतं.

धाकटा आता रोज पाय बघतो, अगदी हाताने. परवा माझ्या लेकीवर एक पाहुणा बसला होता. पहिल्याच फेरीत धाकटा ओरडला, "उतरा!"

"अहो, आत्ता तर बसलोय."

"पाय जपून टाकतेय ती. उतरा म्हणतो ना!"

तिच्या खुरात खडा अडकला होता. संध्याकाळी माझा पाय चोळताना त्याने हळूच विचारलं, "अजून राग आहे का गं?"

आहे. खडा त्याला दिसला याचा आनंद आहे, आणि रागही आहे.

मित्रांनो, आम्ही खोटं लंगडत नाही. ती कला आम्हाला अवगत नाही. तुमच्याखालचं जनावर अडलं तर चाबूक शोधू नका, औषधाने त्याचं तोंड बंद करू नका. आधी खाली उतरा. त्याच्या पायाला हात लावा. आणि तुम्हाला घाई करायचीच असेल, तर तेवढ्या एका कामाची करा.