बिननावाची पाटी

मी पाटी बोलतेय. आत्मारामच्या टपरीवरची. म्हणजे तेव्हाची; आता पत्ता बदललाय, तो सांगते पुढे. नाव मात्र विचारू नका. माझ्यावर कधी नाव घातलंच नाही, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

भिवंडीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. चार फूट पत्रा आणि वर चिकटवलेला चकचकीत छापील कागद. 'गलबत' नावाच्या सिगारेटची जाहिरात मी. पण सिगारेटच्या जाहिरातीला कायद्यानं बंदी. मग कंपनीनं डोकं लढवलं. नाव गाळलं, आणि पाकिटावरचे दोन निळे पट्टे नि शिडाचं गलबत तेवढं ठेवलं. ओळखणाऱ्यानं ओळखावं, आणि कुणी जाब विचारलाच तर कानांवर हात. मला तेव्हा ही मोठी हुशारी वाटली होती. नव्या पत्र्याला अक्कल ती किती असणार.

माझ्या मधोमध एका म्हाताऱ्याचा फोटो होता. शेंदूर लावलेल्या दगडापुढे वाकलेला, बोटांत सिगारेट, टोकाशी सुरेख धूर. खाली ओळ होती, 'राखणदारालाही हीच लागते.'

कंपनीचा विक्रेता रितेश मला टेम्पोतून घेऊन आला. गुहागरहून अंजनवेलला जाताना एका वळणावर आत्मारामची टपरी आहे, आणि समोर किंजळीच्या झाडाखाली गावाचा राखणदार. शेंदूर फासलेला एक काळा दगड. वाटेनं जाणाऱ्यांना तो सांभाळतो, म्हणून लोक त्याच्यापुढे नारळ, केळं, विडी ठेवतात. मला टांगलं आणि समोर पाहते तर फोटोतलाच दगड. म्हटलं, वा, आपण घरीच आलो की.

पहिलंच गिऱ्हाईक वर बघून म्हणालं, "आत्माराम, ह्यो तर आपला रावजीनाना."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना स्वतः आले. दगडापुढे वाकले, खिशातून विडी काढली आणि न पेटवताच ठेवली. "बा राखणदारा, आजची माजी विडी ही. तू ओढ. मी सोडलंय." मग ते वळले आणि त्यांना मी दिसले.

टपरीवर बसल्या बसल्या जगाच्या गोष्टी कानावर पडतात. नाना तीस वर्षं बोटींवर खलाशी होते. विडीनं छातीचा पार भाता करून टाकला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्यांच्या पत्नी काशीकाकी त्यांना राखणदारापुढे घेऊन आल्या. सोडायची ताकद आपल्यात नाही, म्हणून नानांनी विडी देवाच्या हवाली केली. तीन वर्षं रोज एक विडी देवाला, स्वतःला एकही नाही. मागच्या मे महिन्यात रितेशनं नाना विडी ठेवायला वाकल्याचा क्षण मोबाइलवर टिपला होता. कंपनीत कुणीतरी विडी पुसून सिगारेट बसवली आणि वर धूरही काढला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

त्या सकाळी नाना टपरीशी आले आणि माझ्यावरच्या धुरावर बोट ठेवलं. "माज्या विडीला धूर नव्हता रं," एवढंच ते आत्मारामला म्हणाले.

मग जे उठलं ते काय सांगू. माझा फोटो मोबाइलवरून मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत पोचला. कुणी म्हणे, देवाची विटंबना झाली. कुणी म्हणे, नानांनी पैसे घेतले. बाकीचे हसून म्हणत, लपूनछपून ओढत असणार, उगाच का फोटो निघतो. एक दिवस काशीकाकी मीठ घ्यायला आल्या आणि मीठ घ्यायचंच विसरल्या. "आत्मा, आज ह्यांचा सदरा हुंगलाय मी," त्या म्हणाल्या. "तीन वर्सांत पयल्यांदा. हुंगताना ह्यांनी बगलानी."

पण मला खरा घाव बसला तो दादूमुळे. हा नानांचा बोटीवरचा जोडीदार. नानांकडे बघून त्यानंही आठ महिने सिगारेट सोडली होती. तो आला आणि म्हणाला, "दे एक."

आत्माराम चाचरला. "तू सोडलीस ना?"

"रावजीच ओढतो, तर मी कुणासाठी उपाशी ऱ्हाऊ?"

माझ्याच खाली उभं राहून त्यानं ती पेटवली. खोकत खोकत संपवली. आजवर माझ्यावरचा धूर छापील होता, त्या दिवशी खरा लागला. मला स्वतःची लाज वाटली, मनापासून.

गावानं सहाणेवर, पालखी टेकते त्या चौथऱ्यावर, बैठक बोलावली आणि रितेशला बोलावणं धाडलं. परत जाताना तो टपरीवर पाणी प्यायला थांबला. कंपनीचं उत्तर त्यानं आत्मारामलाही मोबाइलवर दाखवलं. पाटीवर आमचं नाव नाही, तेव्हा ती आमची नाही. त्याची मान खाली होती. पोरगा वाईट नव्हता, पण पोट त्याच नोकरीवर होतं. मी मात्र अनाथ झाले. जन्म देणाऱ्यांनीच ओळख नाकारली.

पोरं मला जाळायला निघाली होती. त्याआधी नाना आले, हातात होडीचा ऑइलपेंट. आत्मारामनं मला उतरवून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी आधी धूर रंगानं बुजवला, मग सिगारेट, मग ती ओळ. स्वतःचा चेहरा तसाच ठेवला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ही मी देवाला दिली. परत घेणार नाही. रावजी.' आणि मला राखणदाराच्या मागे, किंजळीच्या बुंध्याला टेकवून ठेवलं.

तो माझा आताचा पत्ता. खाऱ्या वाऱ्यानं कडा गंजल्यात, उन्हानं निळे पट्टे विटलेत. त्याचं मला दुःख नाही. लोकहो, मागणं एकच. मी कुजले तर कुजू द्या, पण पुन्हा कुणाच्या टपरीवर टांगू नका. आणि पट्टे आधी जाऊ देत, नानांची अक्षरं शेवटी.

काल सकाळी नाना विडी ठेवून गेले, आणि मागून दादू आला. माझ्यावरचं एकेक अक्षर वाचत उभा राहिला. मग कानावरची सिगारेट काढली, नानांच्या विडीशेजारी ठेवली आणि दगडाला म्हणाला, "ही माजी. उद्या परत येतंय."

आज तो आला होता.