जावईबापूंच्या गाडीचा हीटर

परतीचं तिकीट अलीकडचं करा म्हणून मी जावईबापूंच्या मागे तीन आठवडे लागलो होतो. अमेरिकेत अ‍ॅशबर्नला लेकीकडे येऊन दोन महिने झाले होते, अजून चार काढायचे होते, आणि या घरात मला काही कामच नव्हतं. नळ गळला, मी पाना मागितला, तर देवदत्त म्हणाले, "बाबा, तुम्ही बसा. मी माणूस बोलावतो." बसा, बसा, बसा! छत्तीस वर्षं नागपूरच्या एस.टी. वर्कशॉपात गाड्यांखाली लोळलेला माणूस मी, इथे काय सोफा झिजवायला आलो होतो? माझ्या बायकोचं, सरलेचं बरं, तिनं आठ दिवसांत शेजारच्या बायकांची भिशी सुरू केली. मी मात्र सांगून टाकलं, मला परत पाठवा. त्यावर देवदत्तांचं एकच उत्तर, "एअरलाइनवाले फोन उचलत नाहीत, बाबा."

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली आणि गाडीचा हीटर थंड हवा फेकू लागला. जूनमध्ये घेतलेली जुनी गाडी, उन्हाळाभर एसी झकास. आता आमची लेक निधी दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून ऑफिसला जाऊ लागली. गॅरेजवाल्यानं गाडी न पाहताच फोनवर सांगितलं की अख्खा डॅशबोर्ड काढून आतला हीटरच बदलावा लागेल, आणि नंबर दहा दिवसांनी.

देवदत्त ऑफिसात चाळीस माणसांची टीम सांभाळतात. रविवारी सकाळी ते घरासमोर बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, मोबाइलवरचा व्हिडिओ बघत उभे होते. कूलंट पाहिलं, ते भरलेलं. मग थर्मोस्टॅट काढायचा म्हणून पाना उचलला, तोही उलटा. माझ्याच्यानं राहवेना.

"थांबा! हीटरकडे जाणाऱ्या त्या दोन नळ्यांना हात लावून पाहिलात?"

"हात? कशाला?"

"लावा तर खरं. जपून, भाजेल."

त्यांनी बोट टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं. "दोन्ही गरम आहेत!"

"म्हणजे गरम पाणी आत जातंय आणि परतही येतंय. हीटर ठणठणीत आहे, हवाच त्याच्याकडे वळत नाही. आत एक झडप असते, ती अडकलीय. इंजिन बंद करा, सरका, आणि टॉर्च धरा."

"पण बाबा, तुम्ही..."

"बसा म्हणालात तर बघा!"

त्यांनी मुकाट्यानं टॉर्च धरला. मी डॅशबोर्डखाली आडवा होऊन समोरचा कप्पा उतरवला, झडपेची छोटी मोटर सोडवली आणि दांडी हातानं फिरवली. अर्ध्यावर येऊन अडली. काय आनंद झाला म्हणून सांगू! "टॉर्च आत मारा, माझ्या नाकावर नको!" बाजूचं झाकण काढून मी वाकवलेली तार आत घातली, बरंच ढोसलं, तेव्हा एक वस्तू गडगडत माझ्या छातीवर पडली. सुपारी. हळदकुंकू लावलेली.

मी त्यांच्याकडे बघतो, ते सुपारीकडे. गाडीची पूजा जूनमध्ये मीच नागपूरहून व्हिडिओ कॉलवर सांगितली होती. गणपती म्हणून सुपारी मांडा, काचेजवळ ठेवा, आज जागची हलवू नका, असं ओरडून बजावलंही मीच. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाले होते, "विसर्जन केलं, बाबा. पोटोमॅक नदीत."

"हीच का पोटोमॅक?" मी विचारलं.

देवदत्त कानापर्यंत लाल. "वळणावर घरंगळली. काचेखालची जाळी तुटकी होती, तिथून आत गेली असणार. दोन तास शोधली. तुम्हाला सांगायची हिंमतच झाली नाही."

"अरे बापा! सहा महिने विघ्नहर्त्याला कोंडून ठेवलंत!" मी ओरडायला गेलो आणि मला हसूच फुटलं. ते हसले, मी हसलो, पार ठसका लागेपर्यंत.

सगळं जोडून गाडी सुरू केली. पाच मिनिटांत अशी ऊबदार हवा आली की देवदत्तांनी दोन्ही तळवे पुढे धरले आणि डोळे मिटून घेतले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "बाबा, खोट्याचा विषय निघालाच आहे, तर... एअरलाइनला मी फोनच केला नव्हता. एकदाही नाही."

"काय? निधीनं सांगितलं होतं का तसं?"

"तिला माहीतच नाही. माझे बाबा गेल्यापासून माझ्यावर ओरडणारं घरात कोणी नव्हतं हो."

इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. पण तसं तोंडावर कसं बोलणार? मी हाका मारून निधीला आणि सरलेला बाहेर बोलावलं, सगळ्यांना गाडीत कोंबलं आणि म्हटलं, चला, एक लांब चक्कर मारू. आणि रस्ताभर जावईबापूंच्या ड्रायव्हिंगला मी मनसोक्त नावं ठेवली.