शंभराच्या आत

भनपुरीत ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे त्या रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतले कामगार आणि त्यांच्या बायका मांडीला मांडी लावून बसले होते. सगळ्यांच्या हातांत रक्ताचे रिपोर्ट, आणि एवढी गर्दी असून कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. विनीताला ती शांतता मुळीच आवडली नाही. एवढी माणसं एकदम कुजबुजू लागली, की समजावं, त्यांनी चपलांबरोबर अक्कलही बाहेर काढून ठेवली आहे.

पुढे चौरंगावर बिंदूनाथ महाराज बसले होते.

"जहर मैं नहीं उतारता, बेटा! माता उतारती है। सात इतवार सिंदूर का जल पियो, फिर मशीन से पूछ लो!"

मशीन म्हणजे मागच्या खोलीत महाराजांच्याच चेल्याने थाटलेली लॅब. तिथून कागद आला, की महाराज त्यावर अंगठ्याने शेंदराचा टिळा ओढत आणि आकडा खड्या आवाजात वाचत. डॉक्टरांना शिव्या द्यायच्या, दाखला मात्र रक्ततपासणीचाच मिरवायचा!

"राकेश! पहले चार सौ बारह। आज इकतालीस दशमलव दो!"

"जय माता!" सगळे एका सुरात म्हणाले.

विनीताचा नवरा नीलेश जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात भट्टीवर होता. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या, मग उजवं मनगट लुळं पडलं. दवाखान्यात कळलं, रक्तात शिसं आहे. आकडा ६१८.० होता. डॉक्टरांनी बजावलं, शंभराच्या आत येईपर्यंत भट्टीकडे फिरकायचं नाही, औषध चुकवायचं नाही. नीलेशने औषध सोडलं आणि शेंदूरपाणी धरलं. आज सातवा रविवार, आणि उद्या सकाळी तो पुन्हा ड्यूटीवर जाणार होता.

"नीलेश! पहले छह सौ अठारह। आज इकसठ दशमलव आठ!"

नीलेशचा चेहरा फुलला. "पाह्यलं? शंभराच्या आत! तू काहून घाबरून राहिली होती?"

"मग तुमचा हात काहून थरथरून राहिला?"

प्रसादाचा पेला त्याला दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

विनीताने कागद घेतला. ६१.८०. ती शाळेत पाचवीला गणित शिकवायची, आणि शुक्रवारीच तिने फळ्यावर लिहिलं होतं की दहाने भागताना अंक जागचे हलत नाहीत, फक्त टिंब एक घर डावीकडे सरकतं. तिने राकेशचे दोन्ही कागद मागितले. ४१२.० आणि ४१.२०. पलीकडच्या पद्मिनीचे मागितले. ५२७.५ आणि ५२.७५. चोर सापडल्याचा आनंद बाजूलाच राहिला. इथे बसलेला एकही माणूस बरा झालेला नव्हता.

तिन्ही नव्या कागदांवर टिळा एकाच जागी होता, आकड्याच्या लगेच उजवीकडे. तिने पदराने तो पुसला. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, 'प्रति डेसिलिटर'. दवाखान्याच्या कागदावर होतं, 'प्रति लिटर'.

ती उभी राहिली. "महाराज, एक लीटर में कितने डेसीलीटर होते हैं?"

"दीदी, माता के दरबार में गणित नहीं चलता।"

"तो फिर दशमलव काहे पढ़ते हो?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. विनीता गर्दीकडे वळली. "एक लीटर जहर वाला पानी दस गिलास में बाँटो। एक गिलास में दसवाँ हिस्सा आएगा न?"

"हव," राकेश म्हणाला.

"गिलास छोटा हुआ, राकेश भैया। जहर उतना ही है। और सबका खून ठीक दसवें हिस्से पर कैसे आया, आखिरी अंक तक? इन्होंने खून जाँचा ही नहीं। पुराना आँकड़ा दस से भाग दिया, बस।"

चेला मागचं दार लावू लागला, पण पद्मिनीने आधीच खांदा घातला होता. आत टेबलावर कॅल्क्युलेटर आणि प्रिंटर. रक्ताच्या नळ्या कोपऱ्यातल्या बादलीत पडल्या होत्या, एकीचंही बूच उघडलेलं नव्हतं.

महाराज चौरंगावरून उतरले. एरवी पाया पडणारी माणसं या वेळी वाट अडवून उभी होती.

नीलेश मात्र बसूनच होता. "रिपोर्ट खोटा असंल. पन पान्यानं थोडा तरी फरक..."

विनीताने पेला त्याच्यासमोर धरला. "हा शेंदूर कशाचा असते? तुमच्याच कारखान्यात शिसं भाजून लाल भुकटी काढतात, ते कोणती?"

नीलेशने पेल्यात बोट बुडवून तळाची भुकटी चोळून पाहिली. तोंडाला फडकं बांधून त्याने वर्षानुवर्षं त्याच भुकटीची पोती भरली होती. पोत्यातलं विष त्याला ओळखू येत होतं, पेल्यातलं आलं नव्हतं.

"देवाचा हाय म्हनून मले इचारच नाही आला," तो म्हणाला. मग हळूच, "सात इतवार पेलो, विनीता."

सोमवारी तो भट्टीवर गेला नाही. राकेश, पद्मिनी आणि आणखी सोळा जणांबरोबर तो दवाखान्याच्या रांगेत उभा राहिला. चार दिवसांनी रिपोर्ट आला. नीलेशने आधी 'प्रति लिटर' वाचलं, मगच आकडा. ८०३.०. डॉक्टरांनी त्याला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. मनगट पुन्हा उचललं जाईल का, हे अजून कुणी सांगत नाही.

म्हणून हात जोडून एवढंच सांगणं आहे. आकड्याला नमस्कार करण्याआधी त्याच्या शेजारचा शब्द वाचा, आणि त्यावर टिळा असेल तर तो आधी पुसा. टिंब सरकवणं पाचवीतल्या पोरालाही जमतं. रक्तातलं शिसं त्याने तसूभरही कमी होत नाही.