लोटनभाऊंची झोप

लोटनभाऊंच्या घोरण्याची अमळनेर डेपोत चेष्टा चाले. सुखी माणसालाच अशी झोप लागते, असे बाकीचे ड्रायव्हर म्हणत. त्यांच्या पत्नी इंदिराबाई मात्र हसत नसत. घोरता घोरता नवऱ्याचा श्वास मध्येच थांबतो, मग तो दचकून हवा ओढतो, हे त्या कित्येक वर्षे पाहत होत्या. डॉक्टरांकडे चला म्हटले की लोटनभाऊ चिडत. आजार निघाला तर हातातले स्टिअरिंग जाईल, ही त्यांना भीती होती.

१९९८च्या उन्हाळ्यात, भर दुपारी पारोळ्याच्या रस्त्यावर बस चालवताना त्यांचा डोळा लागला. गाडी बाभळींत शिरली. कंडक्टर चुडामण ओरडला म्हणून ब्रेक तरी लागला. कोणाला इजा झाली नाही. स्टिअरिंग अडकले असे सांगू, असे चुडामणनेच सुचवले.

घरी हे कळल्यावर इंदिराबाई एवढेच बोलल्या, "गाडीमा बठेल बठ्ठा लोकेस्नी घर कोनीतरी वाट देखस."

गाडीतल्या प्रत्येकाची घरी वाट पाहणारे कोणीतरी डोळ्यांसमोर येऊन लोटनभाऊंना जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी डेपो मॅनेजरांना खरे सांगितले आणि आपण होऊन गाडीवरून उतरले.

धुळ्याच्या डॉक्टर सुनंदाबाईंनी रक्त तपासले. चरबी वाढलेली होती, शिवाय शरीरात सूज असल्याची खूणही रक्तात सापडली. झोपेत गळ्याची वाट मिटते, प्राणवायू पुन्हा पुन्हा घटतो, झोप मोडत राहिल्याने दिवसा पेंग येते आणि या सगळ्याचा भार हृदयावर पडतो, असे त्यांनी समजावले. मुंबईला झोपेची तपासणी झाली आणि नाकावर मुखवटा लावून हवा देणारे यंत्र घरी आले. शेजारी बघायला येत, तेव्हा लोटनभाऊंना मेल्याहून मेल्यासारखे होई. तरी त्यांनी ते सोडले नाही. दिवसाची पेंग हळूहळू गेली.

सहा महिन्यांनी रक्तातली सुजेची खूण बरीच उतरली होती, चरबी मात्र जेमतेम हलली होती. मग यंत्राचा उपयोग काय, असे त्यांनी निराश होऊन विचारले.

"यंत्र श्वास देतं, भाऊ," सुनंदाबाई म्हणाल्या. "प्रत्येकाचं रक्त त्यानं सुधारेलच, अशी हमी मी देणार नाही. तळलेलं आणि तंबाखू तुम्हालाच सोडावं लागेल."

दोन्ही सुटले, पण सहजी नाही. पुन्हा गाडी हाती यायला वर्ष लागले. ते वर्ष त्यांनी डेपोतल्या टेबलावर काढले आणि कधी कुरकुर केली नाही.

बंधुभगिनींनो, लपवलेला आजार आपल्या एकट्याचा राहत नाही. आपल्या भरवशावर डोळे मिटून बसलेल्यांनाही तो भोगावा लागतो. तो वेळेवर सांगण्यात कसला आला कमीपणा!