दुसऱ्या व्हिटलीचा अर्ज

मोरेश्वर बत्तीस वर्षं मुंबईच्या गोदीत आस्थापना विभागात होते. लोकांच्या बदल्या, रजा, बढत्या यांच्या फायलींत त्यांची सगळी नोकरी सरली. बायको वारल्यावर मुलगा प्रसाद त्यांना अमेरिकेत शुगर लँडला घेऊन आला, त्याला आता चार वर्षं झाली होती. प्रसाद आणि सून वसुधा सकाळी सातलाच गाड्या काढत. नात सिया शाळेत जाई. बाहेर इतकं उकडायचं की रस्त्यावर चिटपाखरू नसे.

सियानेच त्यांना काम शोधून दिलं. एका संग्रहालयाने शंभर वर्षांपूर्वीच्या नौदल अधिकाऱ्यांच्या फायली वेबसाइटवर टाकल्या होत्या. त्यातलं हस्ताक्षर वाचून टाइप करणारे स्वयंसेवक त्यांना हवे होते. मोरेश्वरांना ते वळणदार इंग्रजी सहज लागायचं.

ऑगस्टमध्ये लेफ्टनंट हॅरल्ड व्हिटलीच्या फायलीत १९११चा एक अर्ज निघाला. 'सलग सात वर्षं युद्धनौकांवर आहे. पत्नी अंथरुणाला खिळली आहे. किनाऱ्यावर नेमणूक मिळावी.'

मोरेश्वर थबकले. हॅरल्ड तर अविवाहित होता. त्यांनी सही नीट पाहिली. हेन्री व्हिटली.

त्यांनी हेन्रीची फाइल उघडली. तिथे अर्जाचा मागमूस नव्हता. १९१२मध्ये पत्नीच्या मृत्यूची नोंद होती. पुढच्या वर्षी कॅप्टनचा शेरा होता, 'समुद्रावर समाधानी. आजवर काहीही मागितलेलं नाही.' त्याखाली आणखी तीन वर्षं युद्धनौकेवर नेमणूक.

म्हणजे अर्ज कुणी वाचलाच नव्हता. हेन्रीला मात्र वाटलं असणार, की वाचून नाकारला.

मोरेश्वरांनी संग्रहालयाला सविस्तर ई-मेल केली. दोन ओळींचं उत्तर आलं. आभार, कागद योग्य जागी हलवला आहे. संध्याकाळी त्यांनी सियाला सगळं सांगितलं.

"दॅट्स सो सॅड, आजोबा," ती म्हणाली आणि प्रॅक्टिसला निघून गेली.

रविवारी प्रसादबरोबर ग्रोसरीला जाताना ते एकदम बोलले, "मला बदलापूरला, आपल्या जुन्या घरी परत जायचंय."

प्रसादने गाडी पार्क केली, पण एसी चालूच ठेवला. "इथे काही कमी पडतंय का, बाबा?"

"नाही रे. दिवसभर बोलायला कुणी नसतं, एवढंच."

"तिथे तरी कोण आहे?"

"कुणी नाही. पण खाली उतरलं की चार माणसं नावाने हाक मारतात."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

प्रसादने गाडी बंद केली. "दिवाळी करून जा," तो म्हणाला. "मी येतो सोडायला."

दिवाळीनंतर तो खरंच बदलापूरला आला. आठ दिवस राहिला, नळ दुरुस्त करून घेतला, गॅसचं कनेक्शन सुरू करून दिलं. तो विमानतळावर गेल्यावर मोरेश्वरांनी कुकरमध्ये एका माणसापुरता भात लावला.