न उघडलेला डबा

खाजाचं पत्र येऊन तीन वर्षं झाली होती आणि शेवाळे सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. चार ओळींचं आंतर्देशीय. 'सर, तुमच्या गाडीत डब्यावर नाव असलेले ब्रेक पॅड बसत नाहीत. दुसरेच बसतात, आणि ते माझ्याच हातांनी. झोप लागत नाही. यादवशेठना सांगू नका, मी पोराबाळांचा माणूस आहे.'

सरांनी नेमकं तेच केलं होतं. पत्र खिशात घालून ते सातपूरला यादवच्या गॅरेजवर गेले. यादव त्यांचा बालमित्र, कळवणच्या शाळेत एका बाकावर बसलेला, अजूनही त्यांना 'गेण्या' म्हणणारा. खाजा यादवच्या हाताखालचा मिस्त्री. त्याच्या मुलीला, नाझियाला, सरांनी शाळेच्या ग्रंथालयातून दहावीची पुस्तकं दिली होती, तेवढ्या ओळखीवर त्याने लिहिलं होतं. यादवने पत्र वाचलं, खदाखदा हसला, "जळतोय रे," म्हणाला आणि चहा मागवला. पुढच्या आठवड्यात खाजा गॅरेजवर दिसला नाही. कळवणला छोटं दुकान टाकलं, असं कानावर आलं. सरांनी जास्त चौकशी केली नाही.

यादवची एक पद्धत होती. नवे पॅड बसवले की उतरवलेले जुने पॅड त्याच नव्या डब्यात घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. "घ्या, पुरावा!" सर तो डबा घरी आणत, वर तारीख लिहीत आणि पुस्तकांशेजारी उभा करून ठेवत. उघडत मात्र नसत. मित्राचा डबा काय उघडायचा?

परवा नात निकिता म्हणाली, "आजोबा, घाट उतरताना ब्रेक उशिरा लागला. अंगावर काटा आला माझ्या." ती सुरगाण्याला दवाखान्यात नर्स. सोमवारी गाडी घेऊन जायची, शनिवारी यायची. "या वेळी पॅड आपणच दुकानातून आणू. कुठल्या कंपनीचे, नंबर काय, तेवढं बघून ठेवा."

वाचायचं काम, म्हणजे सरांच्या आवडीचं. त्यांनी दोन्ही डबे काढले, एक एकोणीस सालचा, एक बावीसचा. एकोणीसला बसवलेले पॅड बावीसला उतरले. म्हणजे ते दुसऱ्या डब्यात असणार, आणि पहिल्या डब्यावरचा नंबर त्यांच्या पाठीवर असणार. त्यांनी दुसरा डबा उघडला. पॅड झिजलेले, आणि पाठीची लोखंडी पट्टी कोरी. ना नाव, ना नंबर.

सरांना आधी स्वतःचाच संशय आला. पुसला गेला असेल. आपल्यालाच दिसत नसेल. चष्मा पुसला, रॉकेलच्या फडक्याने पट्टी पुसली, भिंग आणलं. मग पहिला डबा उघडला. त्यातल्या, गाडीबरोबर आलेल्या, त्याहून जुन्या पॅडवर नंबर अजून ठसठशीत होता.

दोन्ही डबे पिशवीत घालून ते गॅरेजवर गेले.

"यादव, हे काय?"

यादवने पॅडकडे नीट पाहिलंही नाही. "चालली ना रे गाडी? कुठे आपटलास?"

"माझी निकिता घाटातून जाते."

"गेण्या, बाकीची गिऱ्हाइकं इथेच उभी राहून डबा उघडतात. नंबर ताडून बघतात. एवढी पुस्तकं वाचलीस, पण तू आपला डबा छातीशी धरून घरी. म्हणून तर..." पुढचं तो बोलला नाही.

"आणि खाजाला काढलंस."

"मी काढलं?" यादव पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून बोलला. "ते पत्र मला कोणी आणून दिलं होतं?"

सरांनी डबे परत पिशवीत घातले. पिशवी उचलून चालू लागले.

सोमवारी गाडीची किल्ली त्यांनी कपाटात ठेवली आणि निकिताला एसटीने जायला सांगितलं. तिची तयारी चालली असताना ते टेबलाशी बसले. तीन कागद फाडले, चौथा राहिला.

'खाजा, तू खरं लिहिलं होतंस. तू नको म्हटलेलं असतानाही तुझं पत्र मीच यादवला दाखवलं. तुझं काम माझ्यामुळे गेलं. डबा मी आता उघडला. गाडी उभी आहे. कुठले पॅड घ्यावेत ते तू सांगावंस, आणि जमलं तर तूच बसवावेस. मागायचा हक्क मला नाही, तरी मागतो.'

"कोणाला लिहिताय? बघू," निकिता बॅग खांद्याला लावत म्हणाली.

"नाही," सर म्हणाले. इतकं ठाम ते तिच्याशी कधी बोलले नव्हते.

तिला एसटीत बसवून ते टपालपेटीपाशी आले. चौकशी करून मिळवलेला कळवणचा पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि या वेळी पत्र कोणालाही न दाखवता पेटीत टाकलं.