उजव्या बरगडीवरचा ठोसा

मित्रांनो, लकडगंजात एक आरा मशीन आहे. तिच्या मागच्या शेडमध्ये, सागाच्या ओंडक्यांच्या आड, भुशात पाय रोवून मी उभा आहे. मी एक जुना व्हिडिओ गेमचा खोका आहे. माणसाएवढा उंच, एक दांडी, तीन बटणं आणि समोर फुटकी काच. आयुष्यभर मी मार खाल्ला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण एका माराबद्दल मला आज बोलायचंच आहे.

मला रामाजी सुतारांनी आपल्या याच मशीनवर प्लायवूड कापून घडवलं. पिक्चर ट्यूब कुणाच्या मोडक्या टीव्हीची, आतलं सर्किट बाहेरगावाहून आलेलं. पोटात मारामारीचा गेम. त्याचं इंग्रजी नाव वाचण्याची कुणाला गरज पडली नाही. शेवटी एक टकला राक्षस यायचा आणि भल्याभल्यांना उचलून आपटायचा, म्हणून सगळी पोरं गेमलाच 'टकल्या' म्हणत. प्रताप नगरात केशवरावांचं गेम पार्लर होतं. तिथं मी राजासारखा उभा असे आणि माझ्यापुढे रांग लागे.

पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या आतली एक तार ढिली झाली. तिसरं बटण उडत्या लाथेचं. ते कितीही दाबलं तरी लाथ लागेना. एका पोरानं वैतागून माझ्या उजव्या बरगडीवर सणसणीत ठोसा हाणला. तार टेकली, लाथ बसली आणि टकल्या आडवा झाला! पोरं नाचायला लागली. केशवरावांनी दुरुस्तीसाठी रामाजींना बोलावलं, तर ते हसून म्हणाले, "राहू द्या ना गा. पोरायले मजा येऊन राहिली."

झालं! पुढे आलेल्या पोरांना वाटलं, गेमच तसा आहे. खेळणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून ठोसा मारायला त्याच्या डावीकडे जोडीदार उभा राहू लागला. खेळणाऱ्यानं "हाण!" म्हटल्याशिवाय त्यानं हात उचलायचा नाही, हा पार्लरचा कायदा होता. वर्षानुवर्षं माझी बरगडी शेकून निघाली, पण मी खूश होतो. एवढी माणसं रोज आपल्यासाठी येतात म्हटल्यावर कोण खूश होणार नाही?

रामाजींची दोन मुलं सगळ्यांत तरबेज. धाकटा अश्विन खेळायचा आणि थोरला दुर्गेश ठोसा मारायचा. अश्विनची बोटं फार गुणी. रंधा धरावा तर त्यानंच, असं रामाजी चारचौघांत सांगत.

एका मे महिन्याच्या दुपारी अश्विन एकही जीव न गमावता टकल्यापर्यंत पोचला. असं त्याआधी कुणाला जमलं नव्हतं. कूलर घरघरत होता, पोरं खुर्च्यांवर चढून बघत होती. दुर्गेशला धीर निघाला नाही. अश्विननं "हाण" म्हणायच्या आधीच त्यानं ठोसा ठेवून दिला. लाथ हवेत गेली. टकल्यानं अश्विनच्या पैलवानाला उचललं आणि जमिनीवर आपटलं.

"तुले अक्कल हाय का?" अश्विन सगळ्यांसमोर ओरडला.

दुर्गेशनं त्याच्या कानाखाली वाजवली. अश्विननं डोक्यानं त्याचं नाक फोडलं. मग दुर्गेशनं त्याची कॉलर धरली आणि त्याला सगळ्या ताकदीनं माझ्यावर फेकलं. तोंड वाचवायला अश्विननं उजवा हात पुढे केला. तो हात माझ्या काचेतून आरपार गेला. रक्त माझ्या बटणांवरून खाली ठिबकत राहिलं आणि वर पडद्यावर टकल्या हसत होता. मित्रांनो, तेव्हा मला स्वतःची इतकी शिसारी आली की काय सांगू!

जखम भरली, पण अश्विनची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत. त्याच्या हातचा रंधा कायमचा सुटला. तो बुटीबोरीच्या एका कारखान्यात फाटकावर गाड्यांची नोंद करायला लागला. भावाशी तो परत बोलला नाही. रामाजी गेले तेव्हाही दोघांनी मुकाट्यानं खांदा दिला.

पार्लर बंद पडलं तेव्हा दुर्गेशनं मला हातगाडीवरून इथं आणलं. कधी मला चालू केलं नाही, कधी भंगारातही दिलं नाही. फार संताप झाला की तो येऊन माझ्या उजव्या बरगडीवर ठोसा मारतो आणि निघून जातो. अशी सव्वीस वर्षं गेली.

गेल्या रविवारी दुपारी त्याची मुलगी भैरवी शेडमध्ये आली. तिच्या हातात तळव्यात मावेल असा गेम होता. "बाबा, टकल्या परत आला! आता हातात धरून खेळायचा. हा माझ्या मित्राचा, गौरांगचा आहे, संध्याकाळी वापस करायचा. चांगला असला तर मी अश्विनकाकाले घेऊन देते. सांगा, घेऊ का?"

"त्याले काहून वं? त्याचा हात..." दुर्गेशनं वाक्य गिळलं. "आण, पाहतो."

तो खेळायला बसला. चित्र माझ्यापेक्षा स्वच्छ होतं, हे कबूल केलं पाहिजे. आवाज मात्र अगदीच बारीक. टकल्या आला, दुर्गेशनं तिसरं बटण दाबलं आणि त्याच दमात उजव्या हातानं त्या चिमुकल्या गेमला ठोसा हाणला! बिचारा उडाला, माझ्या पायावर आदळला आणि भुशात पडला.

"भंगार हाय. नको घेऊ."

"बाबा, मारता काहून? तिसरं बटण दाबायचं, बस. लाथ लागते."

"आन ठोसा?"

"कसला ठोसा?"

दुर्गेशनं गेम उचलून भुसा फुंकला आणि नुसता अंगठा टेकवला. लाथ लागली. पुन्हा दाबलं, पुन्हा लागली. त्यानं लोखंडी सब्बल घेतली आणि माझ्या उजव्या बरगडीत खुपसली. फळी कडाडली, खिळे उडाले. आत ती सुटी तार लोंबत होती.

"एवढ्याशा तारेपायी," तो म्हणाला आणि मला हाणत सुटला. "एवढ्याशा तारेपायी!"

"दादा, बस कर."

दारात अश्विन उभा होता. भैरवीनं त्यालाही बोलावलं होतं. तो ओंडक्यावर बसला आणि तिनं त्याच्या हातात गेम दिला. वळत नसलेली बोटं मागून आधाराला पुरेशी होती. खेळायचं होतं अंगठ्यांनी, आणि अंगठे शाबूत होते. बघता बघता टकल्या समोर आला. दुर्गेश नकळत त्याच्या डावीकडे जाऊन उभा राहिला आणि सवयीनं त्याची मूठ वर गेली.

अश्विननं मान आत ओढली आणि तोंडावर हात घेतला. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, अगदी त्या दिवसासारखा!

दुर्गेश तिथंच थिजला.

"हात मागं घे," अश्विन हळूच म्हणाला. "मंग खेळतो."

दुर्गेशनं शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पाठीमागे बांधले. अश्विननं डाव पुन्हा लावला. अंगठा टेकवला, लाथ बसली आणि टकल्या कोसळला. अश्विननं गेम माझ्या डोक्यावर ठेवला, उठला आणि दुर्गेशच्या गालावर उघड्या पंजाची अशी चपराक दिली की त्याचा चष्मा भुशात जाऊन पडला. दुर्गेशनं हात मागेच ठेवले होते.

"मूठ वळत नाही माही," अश्विन म्हणाला. त्यानं गेम उचलून भावापुढे धरला. "घे. आता तुही पाळी."

मित्रांनो, भैरवीनं दुसऱ्याच दिवशी नवा गेम मागवला. तुम्ही घ्यावा का, असं मला विचाराल तर घ्या, माझा जीव त्यात जसाच्या तसा आहे. फक्त एक विनंती. एखादं यंत्र अडलं तर त्याला हाणू नका, उघडून बघा. माझी तार जोडायला रामाजींना पाच मिनिटं लागली असती.